पदर सुटले पाहिजेत

फ्रान्समध्ये क्रोसाँ सहसा कोणी घरी करत नाही. हे आम्हाला पॅरिसला नोकरी करणाऱ्या भाच्याने सांगितलं. "मामा, इथे कोण करत बसतं घरी? सकाळी खाली उतरायचं, कोपऱ्यावरच्या बेकरीतून सव्वा-दीड युरोला एक घ्यायचा आणि मेट्रो येईपर्यंत संपवायचा. आणि खरं सांगू का, बऱ्याच दुकानांत तो कारखान्यातून गोठवून आलेला असतो. जागेवर मळून-भाजून पाव करत नसाल तर दुकानाला बेकरी म्हणायचं नाही, असा 1998 चा कायदा आहे. पण तो पावापुरता. क्रोसाँना तो लागू नाही."

हे ऐकून दुसऱ्या कोणी लाटणं खाली ठेवलं असतं. आमच्या ह्यांनी ठेवलं नाही. ह्यांचं म्हणणं, त्यांच्या कोपऱ्यावर बेकरी आहे म्हणून ते घरी करत नाहीत. आपल्या कोपऱ्यावर काय आहे? आमच्या कोपऱ्यावर झेरॉक्स, रक्त तपासायची लॅब आणि अमृततुल्य. यापुढे मला काही बोलता आलं नाही.

निवृत्त माणसाला स्वयंपाकघराची गोडी लागली की तो भाजी-आमटी शिकेल, ही बायकांची भाबडी आशा. तसं होत नाही. आपला सगळा स्वयंपाक "चवीपुरतं", "अंदाजाने" आणि "मावेल तेवढं" या तीन मापांवर चालतो, आणि जन्मभर पुलांची मापं काढलेल्या माणसाला "मावेल तेवढं पीठ" ऐकूनच घाम फुटतो. कशात मावेल? किती वेळात? क्रोसाँच्या कृतीत असला मोघमपणा औषधालाही नाही. अर्धा किलो मैदा, 280 मिली दूध-पाणी, 11 ग्रॅम यीस्ट, 12 ग्रॅम मीठ, थोडी साखर आणि घड्यांसाठी पाव किलो बटर. बटरची वडी 17 सेंटिमीटरची चौरस, पिठाची पोळी 26 सेंटिमीटरची चौरस, आणि वडी पोळीवर तिरकी ठेवायची. ह्यांनी आधी कागदावर कर्ण काढला, वडी बसते हे सिद्ध केलं, खाली सही आणि तारीख टाकली आणि मग फ्रीज उघडला.

काम तीन दिवसांचं आहे. पहिल्या दिवशी पीठ मळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटात बटर कोंडून लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, अर्धा तास फ्रीज, पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी, पुन्हा फ्रीज, पुन्हा घडी. तिसऱ्या दिवशी त्रिकोण कापून गुंडाळायचे, फुगवायचे, भाजायचे. या तीन दिवसांत फ्रीजचा मधला कप्पा आपला नसतो. मोड आलेली मटकी, विरजण आणि इडलीचं पीठ बाहेर येतं. इडलीचं पीठ तर इतकं बाहेर आलं, की पातेल्यातून निघून ओट्यावरून शेगडीपर्यंत पोचलं. ह्यांनी तिथेही थर्मामीटर घातला आणि "हे बघ, याला तापमान कसं मानवलंय," असं मलाच ऐकवलं.

सगळ्यात प्रेक्षणीय भाग बटर बडवण्याचा. फ्रीजमधलं बटर दगड असतं, ते तसंच लाटलं तर पिठाच्या आत त्याचे तुकडे होतात. बाहेर ठेवून मऊ करावं तर पिठात मुरून जातं. तेव्हा गारही राहिलं पाहिजे आणि वाकलंही पाहिजे, म्हणून ते दोन बटरपेपरांच्या मधे ठेवून लाटण्याने बडवतात. हे रविवारी सकाळी सव्वासहाला डायनिंग टेबलावर सुरू झालं. आधी एक बाजू, मग पेपर फिरवून दुसरी, मधेच फूटपट्टी लावायची, मग पुन्हा धपाधप. बटरच्या कडा चिरायच्या, ह्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मग कडा दाबून सरळ झाल्या, की आठ्या जायच्या. पाचव्या मिनिटाला बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी गाऊनवर ओढणी घेऊन दारात. "काकू, रविवारी फोडाफोडीचं काम करायचं नाही, असा सोसायटीचा नियम आहे." मी त्यांना आत बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि जाताना जिन्यात हळूच म्हणाल्या, "काका बरे आहेत ना?"

काका बरे होते. काका त्या वेळी तीनचे घात सांगत होते. एका घडीत बटरचे तीन थर, दुसरीत नऊ, तिसरीत सत्तावीस. चौथी घातली तर एक्याऐंशी होतात, पण तेव्हा बटर इतकं पातळ होतं की पिठात विरून जातं आणि हाती नुसता गोडसर पाव लागतो. जास्त पदर म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. (हे वाक्य मी ह्यांच्या आत्याच्या पैठणीबद्दलही म्हणू शकले असते, पण तेव्हा पाहुणे होते.) भट्टीत गेल्यावर बटरमधल्या पाण्याची वाफ होते. बटर म्हणजे सगळी चरबी नव्हे. त्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं, आणि पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सोळाशे पट जागा मागतं. ती जागा मिळवायला ते वरचा थर उचलून धरतं. चरबी दोन थरांना एकमेकांना चिकटू देत नाही, वाफ त्यांना लांब ढकलते, यीस्ट आधीच आत हवा भरून बसलेलं असतं. क्रोसाँ म्हणजे एवढंच.

पण या एवढ्यातच गोम आहे. यीस्टला ऊब हवी, बटरला गारवा. एसीच्या रिमोटवरून रात्रभर भांडणारं जोडपं एका पांघरुणात कोंबावं, तशी ही दोघं एका पिठात कोंबलेली असतात. तडजोड होते ती साधारण पंचवीस अंशांवर. यीस्ट कुरकुरत काम करतं, बटर नाक मुरडत टिकून राहतं. अठ्ठावीसच्या वर गेलात की बटर पाझरायला लागतं. लाटताना तर बटर तेरा ते सोळा अंशांच्या आसपास हवं. आता हे युरोपात चालतं. तिकडच्या कृतीत "खोलीच्या तापमानाला ठेवा" असं लिहिलेलं असतं आणि त्यांची खोली वीस-एकवीस अंशांची असते. आमची खोली पुण्यात, पश्चिमेकडची, चौथ्या मजल्यावर, एप्रिल संपता संपता तेहतीस अंशांची. त्या खोलीत ठेवलेलं बटर क्रोसाँकडे न जाता थेट तुपाकडे निघतं.

म्हणून आमच्या बेडरूमचा एसी क्रोसाँना मिळाला. सरकारने 2020 पासून नव्या एसींना 24 अंशांचा आकडा मुळातच बसवून द्यायला लावलाय. तो माणसांच्या प्रकृतीसाठी आणि विजेच्या बचतीसाठी आहे, पण क्रोसाँनाही मानवतो. डबल बेडवर दोन ट्रे, त्यांच्यावर ओलं फडकं, शेजारी थर्मामीटर, आणि आम्ही तिघं भर दुपारी हॉलमध्ये पंख्याखाली. सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या. त्यांना त्याच खोलीत वामकुक्षीची सवय. त्या दर दहा मिनिटांनी विचारत होत्या, "पाहुणे उठले का गं?"

पीठ फ्रीजमध्ये विसावत असतं तेव्हा ह्यांना बोलायला मोकळा वेळ असतो. त्या वेळात जो कोणी घरात सापडेल त्याला 1683 सालचा व्हिएन्नाचा वेढा ऐकावा लागतो. गोष्ट प्रसिद्ध आहे. तुर्कांनी रात्री सुरुंग खणायला घेतले, पहाटे उठलेल्या बेकरीवाल्यांनी खणण्याचा आवाज ऐकला, शहर वाचलं, आणि त्यांनी तुर्की चंद्रकोरीच्या आकाराचा पाव भाजून शत्रूला चावून खाल्लं. गोष्टीत दोष एवढाच, की ती घडल्याचा त्या काळातला काही पुरावा नाही, आणि ऑस्ट्रियात चंद्रकोरीचा किपफेर्ल नावाचा पाव वेढ्याच्या कितीतरी आधीपासून खात होते. त्याच 1683 च्या शेवटी इकडे संभाजी महाराजांनी फोंड्याला वेढा घालून बसलेल्या पोर्तुगीजांना पिटाळून लावलं. त्या आनंदात कोणी काही नवं भाजल्याचं ऐकिवात नाही, आणि कोणी तशी गोष्टही रचली नाही. दुसरी गोष्ट मारी आंत्वानेत राणीची, माहेरच्या आठवणीने तिने हा पाव फ्रान्सला नेला म्हणे. तिलाही पुरावा नाही. माहेरची आठवण मात्र बिनपुराव्याने मानायला मी तयार आहे.

खरा माणूस या दोन्हींपेक्षा मजेदार. आउगुस्ट त्सांग. व्हिएन्नाचा, आधी तोफखान्यात अधिकारी, 1830 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसला आला आणि रिशल्यू रस्त्यावर व्हिएन्नाच्या पद्धतीची बेकरी काढली. वाफेची भट्टी, झकपक दुकान. पॅरिसकर तुटून पडले आणि बाकीच्या बेकऱ्यांनी नक्कल सुरू केली. तेव्हाचा तो पाव अजून आजच्यासारखा पापुद्र्यांचा नव्हता. बटरच्या घड्या घालायचं काम फ्रेंचांनी पुढे केलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजचा क्रोसाँ उभा राहिला. त्सांग तोवर कधीच परतला होता. 1848 साली व्हिएन्नाला जाऊन त्याने 'दी प्रेसे' हे वर्तमानपत्र काढलं. बेकरीकडून वर्तमानपत्राकडे गेलेला मला माहीत असलेला हा एकटाच. वर्तमानपत्राचा भज्यांकडे होणारा प्रवास आपण रोज बघतो.

सासूबाईंचं लक्ष या इतिहासाकडे नव्हतं. त्या घडीकडे बघत होत्या. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घडीला म्हणाल्या, "अरे, हे तर चिरोट्याचं चाललंय. साटा कुठाय?"

ज्यांनी चिरोटे फक्त डब्यातून खाल्ले आहेत, त्यांच्यासाठी सांगते. तूप हाताने फेसतात, हलकं पांढरं होईपर्यंत. त्यात तांदळाची पिठी घालून पुन्हा फेसतात; हल्ली कॉर्नफ्लॉवर घालतात, सासूबाईंना ते मान्य नाही. पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा, तरंगला तर साटा झाला. मैद्याच्या पातळ पोळ्या लाटायच्या, एकीवर साटा, वर दुसरी, पुन्हा साटा, वर तिसरी. मग घट्ट गुंडाळी करायची, तिचे तुकडे कापायचे, प्रत्येक तुकडा अलगद लाटायचा आणि मंद आचेवर तळताना झाऱ्याने वरून तूप सोडत राहायचं. पदर एकेक करून उमलतात. सासूबाई हे सगळं करताना एकदाही फ्रीज उघडत नाहीत, आणि त्याच वेळी धाकट्या जावेने 1974 साली वाटणीच्या वेळी काय केलं हेही क्रमवार सांगून होतं.

ह्यांनी अशा वेळी "आई, हे वेगळं आहे" म्हणायचं असतं, ते म्हणून झालं. मग मात्र हे थबकले. तूप तीस अंशांत पातळ होतं, तरी साटा पोळ्यांमधून वाहून का जात नाही? कारण पिठीने तूप धरून ठेवलेलं असतं. बटरला फ्रीज जे काम करून देतो, ते इथे मूठभर तांदळाची पिठी करते. आणि वाफ? ती पोळीतल्या पाण्याची. संध्याकाळपर्यंत ह्यांनी इराणी बेकरीतल्या खारीचाही उलगडा केला. तिच्यात यीस्ट नाही, त्यामुळे उबेची भानगड नाही, आणि बटरच्या जागी उशिरा वितळणारं वनस्पती तूप, म्हणून भट्टीशेजारच्या उकाड्यातही तिचे पदर शाबूत. आपल्याकडच्या लोकांनी आपल्या हवेशी काय जमेल ते बघून पदर सोडवले होते. "आई, तुझा साटा म्हणजे उष्ण प्रदेशासाठी बनवलेलं बटर आहे," ह्यांनी जाहीर केलं.

"दर दिवाळीला दोन डबे संपवताना कळलं नव्हतं वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

तरीही तूप घालून क्रोसाँ होत नाही, हे मी ह्यांच्या बाजूने सांगते. तुपातलं पाणी कढवताना उडालेलं असतं, गार केलं तर ते रवाळ होतं, लाटलं की फुटतं. घरचं लोणीही चालत नाही, त्यात पाणी फार. आपल्याकडच्या बटरमध्ये ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, युरोपात ब्याऐंशी, आणि तिकडच्या बेकऱ्यांना घड्यांसाठी चौऱ्याऐंशी टक्क्यांचं खास कोरडं बटर मिळतं. दोन-चार टक्क्यांनी काय होतं, असं वाटतं. लाटताना होतं. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट, ते घेतलंत तर पिठातलं मीठ कमी करा, नाहीतर सरळ बिनमिठाचं पांढरं आणा.

तिसऱ्या दिवशी त्रिकोण गुंडाळून झाल्यावर ह्यांनी टोकं वळवून सुबक शिंगं केली आणि भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं. "मामा, बटरचा क्रोसाँ इथे सरळ ठेवतात. वळवलेला म्हणजे बहुधा मार्गरिनचा." कायदा नाही, रिवाज आहे, पण पाव किलो बटर खर्चून स्वस्तातला दिसलेला कोणाला आवडेल? सगळी शिंगं पुन्हा सरळ करण्यात आली. त्या हाताळणीत बटरला जी ऊब लागायची ती लागली.

दोनशे अंशांवर ओव्हन तापला, ट्रे आत गेला आणि आम्ही काचेसमोर खुर्च्या मांडून बसलो. आधी काही झालं नाही. मग कडा हलल्या, वर चढल्या, रंग धरू लागला. आणि मग तळाशी चकाकणारं काहीतरी दिसलं. ते वाढत गेलं. बटर पदरांतून निघून ट्रेमध्ये जमलं होतं आणि त्यात सगळे क्रोसाँ बुडबुडे काढत छान तळले जात होते. सासूबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "तळायचेच होते, तर कढई का नाही घेतलीस?"

वास मात्र असा सुटला होता, की जिन्यातून जाणारे कुरिअरवाले थांबून नेमप्लेट वाचत होते. खालच्या वहिनी कारण काढून वर आल्या. क्रोसाँच्या बाबतीत वासावर जाऊ नये. बटर भाजल्यावर वास येणारच, त्यात करणाऱ्याची करामत नसते.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात फारसं नाट्य नाही. हे काम डिसेंबर-जानेवारीत हलवलं आणि जमलं. पहाटे ओट्याचा ग्रॅनाइट हात लावला की झोंबतो, बटर मुकाट ऐकतं, थर्मामीटरला बोलायला काही राहत नाही. चांगला झालेला क्रोसाँ हातात घेतला की आकाराच्या मानाने हलका लागतो, आणि मधोमध कापला की आत जाळी दिसते. ही जाळी हल्ली सगळ्यांनाच दाखवायची असते. आमच्याकडेही आधी करवती सुरीने एकाचे दोन होतात, मग मोबाइलचा टॉर्च, मग दोन्ही बाजूंचे फोटो, आणि तोपर्यंत चहावर साय धरते. एकात वीसेक ग्रॅम बटर आहे, हे ह्यांना मोजून ठाऊक आहे. ह्यांच्या डॉक्टरांना अजून नाही.

क्रोसाँ टिकत नाही. सकाळचा कुरकुरीतपणा संध्याकाळपर्यंत जातो, दुसऱ्या दिवशी तो वातड पाव असतो. फ्रान्समध्ये शिळ्या क्रोसाँत बदामाचं सारण भरून पुन्हा भाजायची पद्धत आहे आणि ते ताज्यापेक्षा महाग विकतात, यावरून फ्रेंच बायका किती काटकसरी असाव्यात याचा अंदाज करावा. आमच्याकडे बदाम काढायची गरज पडली नाही. सासूबाईंनी शिळे क्रोसाँ पोळीचे करतात तसे हाताने बारीक केले, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी केली, कांदा परतला, हिरवी मिरची, दाणे, वरून कोथिंबीर आणि लिंबू. तेल नेहमीच्या निम्मं घातलं, कारण बटर आत होतंच. डिश पुसून खाल्ली सगळ्यांनी, ह्यांनी तर फोटोही न काढता.

तुम्हाला करायचे असतील तर पुण्या-नाशिकला संक्रांतीच्या आत करून घ्या. मुंबईत आणि कोकणात खोलीला एसी असेल तरच हात घाला. मार्च ते जून हे महिने चिरोट्यांचे आणि खारीचे समजा. आणि फोडणी द्यायची असेल तर बिघडलेलेच क्रोसाँ घ्या, त्यांचं बटर आधीच निघून गेलेलं असतं. चांगल्या जमलेल्यांची फोडणी फार तेलकट होते.